‘ब’च्या पोटातली रेघ

२०१७ च्या जूनमध्ये अभियांत्रिकी प्रवेशाची कागदपत्रे तपासून घेण्यासाठी मी सुविधा केंद्रावर गेले, तेव्हा माझ्या पिशवीत नऊ कागद होते आणि तेवढे पुरेसे आहेत अशी माझी पक्की समजूत होती. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीचा जातीचा दाखला, आधार आणि सीईटीचे गुणपत्रक. टेबलामागच्या सरांनी ते पत्ते चाळावेत तसे भराभर चाळले आणि मान वर न करता विचारले, “व्हॅलिडिटी?” ते एखाद्या दाखल्याची मुदत विचारत असावेत असे वाटून मी नॉन-क्रिमीलेयरवरची ३१ मार्च ही तारीख त्यांना बोटाने दाखवली. माझ्या मागे रांगेत उभी असलेली मुलगी हसली. तिच्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जात वैधता प्रमाणपत्र सर्वांत वर लावलेले होते. शहरातल्या तिच्या कनिष्ठ महाविद्यालयाने अकरावीतच सगळ्यांचे अर्ज भरून घेतले होते, असे तिने नंतर सांगितले. माझ्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राला दोन्ही वर्षे तासिका तत्त्वावरचे सर होते, तेही दिवाळीनंतर आले नाहीत. तिथे वैधतेचा अर्ज कोण भरून घेणार होते?

महाराष्ट्रात जातीचा दाखला मिळणे आणि तो वैध ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखला उपविभागीय अधिकारी देतात, तो खरा की खोटा हे जात पडताळणी समिती ठरवते, आणि राखीव जागेवरचा प्रवेश असो, सरकारी नोकरी असो की ग्रामपंचायतीची निवडणूक, अखेर चालतो तो समितीचा कागद. हा कायदा २००० सालचा आणि आमच्यासारख्यांना लागू असलेले नियम २०१२ चे. खोटे दाखले काढून राखीव जागा बळकावणाऱ्यांना आळा बसावा हा त्यामागचा हेतू मला तेव्हाही मान्य होता आणि आजही आहे, हे आधीच सांगून टाकते. आमची गाठ पडली ती तारखेशी. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, अशा तारखा ठरलेल्या आहेत. आपल्या प्रवर्गाच्या तारखेआधीपासून आपले कूळ या राज्यात राहते आणि त्याच जातीचे म्हणून ओळखले जाते, हे कागदानिशी दाखवावे लागते. म्हणजे बंजारा तांड्यावरच्या मुलीने १९६१ च्या आधीचा, तिच्या बापाच्या बाजूच्या माणसाच्या नावाचा, ज्यावर जात लिहिली आहे असा कागद आणायचा.

आमचा तांडा बालाघाटाच्या डोंगरात आहे. आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही. त्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्यामुळे सातबाराही नव्हता. जन्माची नोंद नव्हती आणि मृत्यूची आहे ती १९९४ ची. १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्या घरात कोयता आला तो गेला नाही. माझे वडील (आम्ही त्यांना बा म्हणतो) चौथीनंतर ऊसतोडीला गेले, आणि त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जात स्वच्छ लिहिलेली असली तरी साल १९७९ आहे. बा आणि याडी (म्हणजे आई) दरवर्षी दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर जात आणि पाडवा उलटल्यावर परतत. त्या पाच-सहा महिन्यांत मी आणि भाऊ दादीजवळ राहत असू. आम्ही दोघे शिकलो ते तिच्यामुळे, हे ओघाने सांगितले पाहिजे, कारण या सगळ्या प्रकरणात पुढे तिचा संबंध आहे.

सुविधा केंद्रावर मला सांगण्यात आले की तूर्त समितीकडे प्रकरण सादर केल्याची पावती आणली तरी नाव नोंदवता येईल, मात्र ठरलेल्या तारखेच्या आत मूळ प्रमाणपत्र दिले नाही तर राखीव जागेवरचा हक्क जाईल, असे हमीपत्र लिहून द्यावे लागेल. मी पावतीच्या मागे लागले. समितीच्या कार्यालयाबाहेर चहाच्या टपरीला लागून एक टंकलेखक आणि दोन एजंट बसत. त्यांतल्या एकाने माझे कागद पाहून, “पुरावा लावून देतो, आठ हजार,” असे म्हटले. पुरावा लावून देतो म्हणजे काय, हे मला कळायला वेळ लागला. आठ हजार नव्हते म्हणून मी प्रामाणिक राहिले, की असते तरी राहिले असते, याचा निवाडा मी अजून केलेला नाही. शपथपत्रांसाठी मात्र त्याच टपरीवर शंभर-शंभर रुपयांचे दोन मुद्रांक विकत घेतले. विद्यार्थ्यांच्या अशा शपथपत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे हे मला दोन वर्षांनी कळले, आणि त्या दोनशे रुपयांचा राग वाया गेलेल्या वर्षाच्या रागाहून जास्त टिकला.

त्या दोन शपथपत्रांपैकी एक असते वंशावळीचे. खापरपणजोबांपासून सुरू करून खाली स्वतःपर्यंत झाड काढायचे, आणि ज्याचा पुरावा जोडला आहे तो माणूस त्या झाडावर कुठे बसतो हे दाखवायचे. ज्या घरांत जमिनीच्या वाटण्या झालेल्या असतात तिथे हे झाड तलाठ्याच्या दप्तरात तयार असते. आमच्याकडे ते दादीच्या तोंडात होते. एका रात्री चुलीपुढे बसून तिने ते सांगितले: कोण कोणाचा, कोण लहानपणी गेला, कोण निजामाच्या राज्यात बैल घेऊन गेला तो परतला नाही. मी वहीच्या मधल्या पानावर लिहीत गेले. तिने फक्त पुरुषांची नावे सांगितली, कारण वंशावळ तशीच सांगायची असते. तिचे स्वतःचे नाव त्यात कुठे आले नाही. सर्वांत खाली बाच्या नावाखाली तिने माझ्या भावाचे नाव घेतले आणि थांबली. त्याच्या शेजारी एक रेघ ओढून माझे नाव मी लिहिले.

त्या रात्रीच पहिला धागा लागला. आजोबांचे थोरले भाऊ दोन वर्षे शाळेत गेले होते. मोठ्या गावच्या पाटलाकडे ते गुरे राखत, आणि पाटलाच्या मुलाला एकट्याला शाळेत जायची भीती वाटे म्हणून यांनाही सोबतीला बसवले होते. दादीला साल सांगता येईना. “मराठीत शाळा झाली तेव्हा,” एवढेच ती म्हणाली, आणि तेवढे पुरेसे ठरले. आमचा भाग हैदराबाद संस्थानात होता, शाळेचे दप्तर उर्दूत असे. सप्टेंबर १९४८ नंतर ते बदलत गेले आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. म्हणजे शोधायचे ते १९५० ते १९६१ च्या दरम्यान.

ती जिल्हा परिषदेची शाळा आमच्यापासून नऊ किलोमीटरवर आहे. जून असल्याने मुख्याध्यापक पटनोंदणीच्या गडबडीत होते. त्यांनी तीनदा परत पाठवले आणि चौथ्या दिवशी शिपायाला पत्र्याची पेटी काढून दिली. पेटीत कसर लागलेली जुनी जनरल रजिस्टरे होती. बा आणि मी व्हरांड्यात बसून एकेक पान उलटत गेलो. बाला मराठी वाचता येते, पण जुने वळण लागत नव्हते, म्हणून ते पान धरत आणि मी वाचत असे. दुपारी तीनच्या सुमाराला १९५८ सालच्या नोंदी लागल्या. नाव सापडले. वडिलांचे नाव बरोबर, गावाच्या रकान्यात तांड्याचे नाव, जन्मतारखेच्या जागी अंदाजे साल, आडनावाची जागा कोरी. जातीच्या रकान्यात शाई फिकी पडून तपकिरी झालेली होती. मला तिथे ‘बंजारा’ दिसले, बाला काहीच दिसले नाही. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसून पाहिले आणि उतारा लिहायला घेतला. सायंकाळी सहीशिक्क्याचा उतारा हातात पडला तो मी न वाचताच कापडात गुंडाळला, कारण बाहेर पाऊस होता आणि शेवटची एस.टी. निघायच्या बेतात होती.

अर्ज सादर झाला, पावती मिळाली. सीईटीत मला २०० पैकी ९६ गुण होते. फार नव्हते, पण दुसऱ्या फेरीत एका शासकीय महाविद्यालयात विद्युत शाखेला माझे नाव लागले. यादीत नावापुढे ‘एलव्हीजेएच’ अशी अक्षरे होती: महिला, विमुक्त जाती, गृह विद्यापीठ. त्या चार अक्षरांत मी पूर्ण बसत होते असे मला वाटले, आणि बाने तांड्यावर पेढे वाटले. महिनाभर मी वर्गात बसलेही.

त्यानंतर समितीचे त्रुटिपत्र आले. पत्र दोन ओळींचे होते. अर्जदाराचा दावा ‘बंजारा’ असा असून सादर केलेल्या सन १९५८ च्या निर्गम उताऱ्यात जात ‘वंजारा’ नमूद आहे, तरी खुलासा करावा.

मी उतारा काढून पाहिला. मुख्याध्यापकांच्या सुंदर, गोल अक्षरात खरोखरच ‘वंजारा’ लिहिलेले होते. बंजारा आणि वंजारी या नावांचा घोळ महाराष्ट्रात जुना आहे आणि शासनाच्या लेखी तो साधा नाही. बंजारा विमुक्त जाती (अ) मध्ये येतात, तीन टक्के. वंजारी भटक्या जमाती (ड) मध्ये, दोन टक्के. उताऱ्यातला शब्द धड हाही नव्हता आणि तोही नव्हता. ‘व’ आणि ‘ब’ यांत फरक काय, तर पोटातली एक तिरपी रेघ. १९५८ साली कुण्या मास्तरांनी बोरूने ओढलेली ती रेघ साठ वर्षांत शाईबरोबर फिकी झाली होती, आणि माझा प्रवेश तिच्यावर टेकलेला होता.

खुलासा कसा करायचा, हे सांगणारे कोणी नव्हते. एखाद्या वकिलाच्या मुलीने याच जागी काय केले असते याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. तिने पहिल्याच दिवशी उतारा वाचून पाहिला असता; निदान रजिस्टरच्या पानाचा फोटो काढून जोडला असता. आणि बहुधा तिला याची गरजच पडली नसती, कारण तिच्या घरात कुणाकडे तरी आधीच वैधता असती. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या एकाला रीतसर चौकशीनंतर वैधता मिळालेली असेल तर ती पुढच्यांच्या बाबतीत ग्राह्य धरावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले आहे. न्याय्य आहे. परंतु ज्या घरातून आजवर कोणी नोकरीला लागले नाही, निवडणुकीला उभे राहिले नाही की कॉलेजात गेले नाही, तिथे अशी वैधता असायचे कारण नसते. आम्ही मागे राहिलो होतो याचा पुरावा मागितला जात होता, आणि तो मिळण्यासाठी आमच्यातला कोणीतरी आधीच पुढे गेलेला असायला हवा होता.

मी साध्या कागदावर मूळ रजिस्टर तपासण्याची विनंती लिहून दिली. प्रकरण दक्षता पथकाकडे गेले, म्हणजे आता पोलीस खात्यातले अधिकारी शाळेत जाऊन दप्तर पाहणार आणि घरी येऊन जबाब घेणार. मुदत मात्र तिच्या गतीने चालत होती. ती संपली त्या दिवशी महाविद्यालयाच्या कार्यालयातल्या मॅडमनी मला बोलावून, खुल्या प्रवर्गात तुझे गुण बसत नाहीत, असे शांतपणे सांगितले आणि मूळ कागद परत दिले. त्यांचा आवाज चांगला होता. वाईट बातमी सांगण्याची सवय असलेल्या माणसाचा असतो तसा. वसतिगृहातून गादी आणि बादली घेऊन मी एस.टी.ने परत आले.

दक्षता पथकाचे साहेब ऑक्टोबरच्या शेवटी तांड्यावर आले. दिवाळी होऊन गेली होती आणि मुकादमाची गाडी चार दिवसांवर आली होती. ते आठवडाभर उशिरा येते तर घरी फक्त दादी भेटली असती. त्यांनी बाजेवर बसून बाचा जबाब घेतला, तांड्याच्या प्रमुखाला, म्हणजे नायकाला, बोलावून वंशावळ पडताळली, आणि मग त्यांचे लक्ष दादीकडे गेले. दादी अंगणात ज्वारी पाखडत होती. अंगावर आरसे जडवलेली काचोळी आणि फेटिया, दंडापर्यंत बलिया, कानापासच्या केसांत गुंफलेली चांदीची घुगरी. साहेबांनी तिला देव कोणता विचारले. तिने सेवालाल महाराजांचे नाव घेऊन पोहरादेवीच्या दिशेला हात जोडले. आपसात कोणती भाषा बोलता असे त्यांनी विचारले, तेव्हा तिने मराठी प्रश्नाला गोरबोलीतच उत्तर दिले आणि बाला त्याचा मराठीत अर्थ सांगावा लागला. साहेब हसले. “आजी, तुमच्याकडे बघून कोण नाही म्हणेल,” असे म्हणून त्यांनी तिच्या जबाबाखाली अंगठा घेतला. मला एवढेच वाटले की मग अर्जात यासाठी एक रकाना का नाही.

शाळेतले मूळ रजिस्टर त्यांनी त्याच दिवशी पाहिले होते. भिंग लावल्यावर रेघ दिसते, असे ते जाता जाता सहज म्हणाले.

ते वर्ष मी घरी बसून काढले नाही. बाने उचल घेतलेली होती, याडीच्या कमरेचे दुखणे वाढले होते, आणि तांड्यावर रिकामी बसलेली अठरा वर्षांची मुलगी म्हणजे स्थळांना आमंत्रण. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे ऊसतोडीच्या गावांत मुलींची लग्ने का लवकर होतात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. मी बरोबर गेले. पहाटे चारला फडात उतरायचे, बा तोडणार, मी आणि याडी मोळ्या बांधणार, गाडी भरायची. सीईटीचे गणिताचे पुस्तक मी खोपीत पत्र्याच्या डब्यात ठेवले होते आणि दुपारी गाडीची वाट पाहताना त्यातली उदाहरणे सोडवत असे. यात शौर्य वगैरे काही नव्हते. बहुतेक दुपारी मला झोप लागे. वैधता प्रमाणपत्र डिसेंबरमध्ये तयार झाले आणि मार्चअखेर आम्ही परतल्यावर मी ते समितीच्या कार्यालयातून सही करून घेतले. खिडकीतल्या माणसाने, “तीन महिने पडून आहे, लोक रडतात याच्यासाठी,” असे म्हटले. मी काही बोलले नाही.

२०१८ च्या प्रवेशाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे, कारण सगळे कागद असले की ही प्रक्रिया खरोखर सोपी आहे. सीईटीत ११८ गुण पडले, पहिल्याच फेरीत दुसऱ्या एका शासकीय महाविद्यालयात विद्युत शाखा मिळाली. शिक्षण आणि परीक्षा शुल्क विमुक्त जातीच्या सवलतीतून माफ होते. राहणे, मेस, ड्रॉइंगचे सामान यांची सोय स्वतः करायची होती. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागे आणि पैसे कधी पुढच्या सत्रात, कधी पुढच्या वर्षी जमा होत. दुसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि मी तांड्यावर परतले. रेंज फक्त खडीच्या खाणीजवळच्या टेकाडावर येई, तेव्हा भर उन्हात छत्री धरून मी तिथे इलेक्ट्रिकल मशिन्सचे तास ऐकले. वर्गातल्या पुण्या-नाशिकच्या मुलांचे कॅमेरे सुरू असले की मागे पुस्तकांची कपाटे दिसत. माझा कॅमेरा चारही महिने बंद होता.

नोकरीची पाळी २०२१ च्या पावसाळ्यात आली. कंपन्यांच्या सूचना प्लेसमेंटच्या व्हॉट्सॲप समूहावर येत आणि प्रत्येकीच्या तळाशी जवळजवळ तीच दोन वाक्ये असत: दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही ठिकाणी किमान साठ टक्के, आणि शिक्षणात खंड नसावा किंवा असल्यास एक वर्षापेक्षा जास्त नसावा. पदवीला मला सरासरी ८.१ होते, दहावीला ८१ टक्के. बारावीला ६५० पैकी ३८४, म्हणजे ५९.०८. साठ टक्क्यांसाठी ३९० हवे होते. सहा गुण. भौतिकशास्त्राला वर्षभर शिक्षक असते तर सहा गुण आले असते की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण २०१७ च्या बारावीच्या गुणपत्रिकेने २०२१ मध्ये मला परीक्षेलाही बसू दिले नाही, हे मात्र मी पाहिले. पहिल्या सात कंपन्यांपैकी दोघींचाच अर्ज मला भरता आला.

त्यांपैकी एकीच्या मुलाखतीपर्यंत पोहोचले. ऑनलाइन, इंग्रजीतून, तीन माणसे. पहिली दहा मिनिटे बरी गेली. ट्रान्सफॉर्मरच्या तोट्यांवर विचारले ते मला येत होते. मग एका सरांनी बारावी आणि प्रवेश यांच्यामध्ये एक वर्ष कोठे गेले, असे विचारले. मी कास्ट व्हॅलिडिटी असे म्हटले. ते महाराष्ट्राबाहेरचे असावेत, त्यांना तो शब्द कळला नाही. मी समजावू लागले आणि माझी इंग्रजी संपली. बोरू, रजिस्टर, दक्षता पथक, मुकादम यांतले काहीच मला त्या भाषेत सांगता येईना, आणि शेवटी मी ‘डॉक्युमेंट प्रॉब्लेम’ एवढे म्हणून थांबले. दुसऱ्या सरांनी काहीतरी लिहून घेतले. निवड झालेल्यांच्या यादीत माझे नाव नव्हते. ते याच कारणाने नव्हते असे मी म्हणणार नाही, चांगली मुले पुष्कळ होती. पण माझ्याच वर्गातल्या एका मुलानेही बारावीनंतर एक वर्ष घरी काढले होते, कोट्याला जाऊन आयआयटीची तयारी करण्यासाठी. त्यालाही हाच प्रश्न विचारला गेला, आणि त्याचे उत्तर मुलाखत घेणाऱ्यांना लगेच समजले. तो खंड त्याच्या बाजूने धरला गेला.

पदवीनंतर तीन महिन्यांनी मला चाकणच्या एका लहान कारखान्यात कंट्रोल पॅनेल तपासण्याचे काम मिळाले, महिना पंधरा हजारांवर. ते ओळखीतून मिळाले, वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या मामामुळे. काम मला आवडते आणि आता पगारही वाढला आहे. रविवारी स्पर्धा परीक्षांची तयारी करते. तिथेही एक गंमत आहे. राज्याच्या भरतीत मी विमुक्त जाती (अ); केंद्राच्या भरतीत याच जातीची मी इतर मागासवर्ग, आणि त्यासाठी वेगळ्या नमुन्यातला दाखला लागतो. याडीचे माहेर आदिलाबादकडचे आहे. तिच्या भावाची मुले तेलंगणात लंबाडा म्हणून अनुसूचित जमातीत आहेत, आणि कर्नाटकात दिलेल्या आत्याची मुले अनुसूचित जातीत. एकाच लग्नाच्या पंगतीत बसलेले आम्ही आते-मामे भावंडे चार वेगवेगळ्या रकान्यांत मोडतो. दादीला हे समजावायचा मी एकदा प्रयत्न केला. तिने विचारले, “मग भाकरी कोणाला जास्त मिळते?” मला नेमके उत्तर देता आले नाही.

माझ्या भावाने २०२० मध्ये वैधतेसाठी अर्ज केला. पुराव्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर त्याने माझे प्रमाणपत्र लावले आणि महिन्याभरात, एकही त्रुटी न निघता, त्याचे काम झाले. त्यानंतर चुलत्यांची मुले, मग चुलतचुलत्यांची. जून आला की मला तांड्यावरून फोन येऊ लागतात. आजवर आमच्या भावकीतल्या अकरा जणांनी माझ्या वैधतेची प्रत जोडली आहे. त्यांच्या वंशावळी आता टंकलेखक संगणकावर काढून देतो. चौकटी, बाण सगळे रेखीव असते. त्यांतल्या एकीत माझ्या नावाभोवती दुहेरी चौकट आहे आणि खाली ‘वैधताधारक’ असे छापले आहे. दादीचे नाव अजूनही कुठे नाही.

गेल्या जूनमध्ये चुलत बहिणीचा निरोप आला. ती बारावी विज्ञानाला आहे, हुशार आहे, आणि तिने अर्ज अकरावीतच भरायला हवा होता असे मी तिला वर्षभर सांगत होते. निरोपासोबत माझ्याच प्रमाणपत्राच्या झेरॉक्सचा फोटो होता. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, असे होत होत करडा पडलेला. खाली तिने लिहिले होते, “ताई, मूळ प्रतीवरून नवीन स्कॅन पाठव ना. यावर ‘बंजारा’मधला ब नीट उमटत नाही, सर म्हणतात व वाटतो.” मी कामावरून घरी आले, पेटीतून मूळ प्रमाणपत्र काढले आणि तिला रंगीत स्कॅन पाठवले.